करवतयंत्राचे कुंपण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, विश्वकर्मा जयंतीस, पुणे येथे केलेले भाषण)



माघ शुद्ध त्रयोदशीच्या या मेळाव्यात दरवर्षी विद्वान वक्ते समाजाच्या उत्कर्षाविषयी, मुलामुलींच्या शिक्षणाविषयी आणि विवाहांतील अवाजवी खर्चाविषयी बोलत असतात. आम्ही विद्वान नव्हे. भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या आश्रयाने चाललेल्या एका लहानशा कारखान्यात गेली चाळीस वर्षे लाकूड चिरीत आलेले आम्ही कारागीर. त्यामुळे कार्यवाहांनी जेव्हा आमच्या भाषणाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही उत्तर दिले, “करवतयंत्रावरची जुनी गाईडपट्टी काढून नवी कशी बसवावी, हाच आमचा विषय.” त्यांना क्षणभर ती थट्टा वाटली. परंतु ती थट्टा नव्हती. या पट्टीने आमच्या घरातून काय नेले, हे आम्ही आजवर चारचौघांत कधी सांगितले नाही. ते सांगण्याचे आणि त्यातून इतरांनी काही घ्यावे असे करण्याचे स्थान आपल्या समाजाच्या मेळाव्याहून अधिक योग्य कोणते असणार?

प्रथम, जी मंडळी या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. करवतयंत्र, ज्याला आपण सारे टेबल सॉ म्हणतो, ते म्हणजे एक सपाट टेबल, त्यातील फटीतून वर आलेले गोल पाते आणि खाली ते फिरविणारी मोटार. कारागीर लाकूड टेबलावर ठेवून पात्याकडे ढकलतो. लाकूड सरळ जावे, वाकडेतिकडे भटकू नये, म्हणून पात्याच्या एका बाजूस एक उभी लांब पट्टी बसविलेली असते. आपले कारागीर तिला गाईड म्हणतात. यंत्राच्या पुस्तकात तिचे नाव फेन्स, म्हणजे कुंपण. पात्यापासून जितक्या अंतरावर हे कुंपण, तितक्या रुंदीची फळी निघते. वरवर पाहता यंत्रातील सर्वांत साधा, न फिरणारा, न आवाज करणारा असा हा भाग. म्हणूनच त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

आपल्या समाजाचे नाव सूत्रधार या शब्दावरून आले, हे आपण जाणताच. हातात सूत धरून सरळ रेघ मारणारा तो सुतार. आपल्या पूर्वजांच्या पेटीत करवत, रंधा, पटाशी आणि वाकस होते. पण त्या साऱ्यांच्या आधी गुण्या, ओळंबा आणि सूत होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभ्या राहिलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागाचे लाकूडकाम आजही पाहावे. सुरूच्या घाटाचे ते खांब, त्यांवरील सज्जा, एकेक सांधा डोळ्यांनी तपासावा. तेथे मोटार नव्हती, फिरते पाते नव्हते. परंतु सूत होते. आमच्या मते करवतयंत्रावरील गाईड म्हणजे लोखंडात ओतलेले तेच सूत होय. सूत सैल धरले तर रेघ चुकते, आणि गाईड सैल राहिले तर केवळ रेघ चुकून भागत नाही.

गोल पात्याची करवत आपल्याकडे उशिरा आली. इंग्लंडमध्ये सॅम्युअल मिलर नावाच्या गृहस्थाला १७७७ साली मिळालेल्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख सापडतो. जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी १९०६ साली असे यंत्र सिद्ध केले की, ज्यात लाकडासह टेबलाचा भागच सरकतो. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील बिल बीसमायर यांनी १९८० च्या सुमारास टी-गुण्याच्या धर्तीची गाईडपट्टी रूढ केली. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत ती याच जातीची. पेठांतील आपल्या लहान कारखान्यांत मात्र वर्षानुवर्षे जी यंत्रे चालत आली, ती कोनाच्या लोखंडी चौकटीवर बिडाचे किंवा पोलादी टेबल, दोन-तीन अश्वशक्तीची मोटार, पट्टा आणि एक काटकोनी पट्टी अशा थाटाची. ती पट्टी पुढे आणि मागे दोन्ही टोकांस नटबोल्टांनी आवळावयाची. पुढचे टोक मापावर आणावे तो मागचे सरकते. मागचे आणावे तो पुढचे हलते. कारागीर घाईत असला की पुढचे टोक मोजतो आणि मागचे नजरेने लावतो.

आमच्या वडिलांचा आपल्या नजरेवर फार विश्वास होता आणि तो अनाठायी नव्हता. एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा फरक ते दहा हातांवरून सांगत. यंत्राला वेगळे गाईड कशाला, माणसाची नजर पुरते, असे ते म्हणत आणि आम्ही ते वेदवाक्य मानीत असू. १९९६ साली आम्ही यंत्रास तीन अश्वशक्तीची नवी मोटार बसविली. पाते अधिक जोराने फिरू लागले, काम दीडपट निघू लागले. गाईड मात्र जुनेच राहिले. मोटारीसाठी पैसा होता, गाईडसाठी नव्हता. खरे सांगावयाचे तर गाईडसाठी पैसा खर्च करावा हे आमच्या मनातच आले नाही.

त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, एका देवघराचे काम चालले होते. आमचे धाकटे बंधू सागवानाच्या फळीतून दोन इंच रुंदीच्या पट्ट्या चिरीत होते. हादऱ्यांनी गाईडच्या मागच्या टोकाचा नट सैल झाला होता. ते टोक पात्याकडे किंचित सरकले. फळी पाते आणि गाईड यांच्या चिमट्यात सापडली, उसळली, आणि तिच्यावर ठेवलेला डावा हात पात्यावर ओढला गेला. तर्जनी आणि मधले बोट गेले. सारा प्रकार डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडला. ओरडण्यासही अवसर मिळाला नाही.

बंधू वाचले, संसारही नीट झाला. परंतु आमच्या घराण्यात नक्षीकामाचा हात एकच होता आणि तो त्यांचा होता. वेलपत्तीच्या कामात पटाशी उजव्या हातात असते, पण तिचे पाते डाव्या हाताची बोटे वळवितात. त्या देवघराची महिरप अर्धी कोरलेली राहिली. पुढे आम्ही ती दुसऱ्याकडून पुरी करून घेतली. गिऱ्हाइकास फरक कळला नाही. आम्हांस अजून कळतो. त्या दिवसापासून बंधूंनी कारखान्याचे हिशेब सांभाळले; पटाशी पुन्हा हाती घेतली नाही.

आता याहून लाजिरवाणी गोष्ट सांगतो. त्या अपघातानंतरही आम्ही गाईड बदलले नाही! नट आवळले, वर दुसरा नट चढविला आणि काम सुरू केले. नशिबाला बोल लावला, साडेसातीला लावला. पट्टीला लावला नाही. तेवीस वर्षे गेली. २०१९ साली त्याच बंधूंचा मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून कारखान्यात आला. पहिल्या दिवशी त्याने यंत्र न्याहाळले, गाईड दोन्ही टोकांस हलवून पाहिले आणि म्हणाला, “काका, ही पट्टी बदलेपर्यंत मी हे यंत्र चालू करणार नाही.” आम्हांस राग आला. आम्ही म्हणालो, “अरे, तुझ्या आजोबांनी याच यंत्रावर घर उभे केले.” तो म्हणाला, “आणि माझ्या बाबांनी याच यंत्रावर हात दिला.” यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही उरले नाही.

कुंपणच शेत खाते, अशी म्हण आपण सरकारी कारभाराला उद्देशून वापरतो. ती करवतयंत्राला जशीच्या तशी लागू पडते. याचे कारण समजून घेतले पाहिजे. अडीचशे मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटरांच्या घरात पडतो. पात्याचे पुढचे दात लाकडाला खाली टेबलावर दाबतात. मागचे दात मात्र टेबलातून वर येतात आणि कारागिराच्या दिशेने फिरतात. गाईड पात्याला समांतर असेल तर चिरलेले लाकूड मागच्या दातांना न भिडता निघून जाते. गाईडचे मागचे टोक पात्याकडे झुकलेले असेल तर लाकूड त्या मागच्या दातांवर दाबले जाते. दात त्याला उचलतात आणि त्याच वेगाने चालविणाऱ्याच्या अंगावर फेकतात. त्यावेळी हात कोठे असेल ते आपल्या हाती राहत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आम्ही व पुतण्याने मिळून तीन दिवस खर्चून जे केले, ते क्रमाने सांगतो.

सर्वप्रथम विजेची जोडणी काढावी. बटण बंद करणे पुरेसे नाही. पिन काढून ती खिशाजवळ, नजरेसमोर ठेवावी. मग जुन्या गाईडकडे न जाता पात्याकडे जावे. कारण नवे गाईड सरळ बसवून पातेच तिरपे असेल तर सारा खटाटोप व्यर्थ. टेबलावर आडव्या कापणीच्या गाईडसाठी जी खाच असते, तिच्यापासून पात्याच्या एका दातापर्यंतचे अंतर पुढच्या बाजूस मोजावे. त्या दातावर खडूची खूण करावी, पाते हाताने फिरवून तोच दात मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. दोन दात घेऊन मोजू नये, कारण पात्यालाच थोडा बाक असू शकतो. फरक आढळल्यास खालील शाफ्टच्या बेअरिंगांचे बोल्ट सैल करून शाफ्ट हलवावा. आमच्या यंत्रात जवळजवळ एक मिलिमीटर फरक निघाला. म्हणजे इतकी वर्षे आम्ही गाईडला दोष न देता जसे चुकलो, तसे केवळ गाईडला दोष दिला असता तरी चुकलोच असतो.

नंतर जुनी पट्टी व तिचे आधार काढून टेबलाची पुढची कड घासून स्वच्छ करावी. नव्या जातीच्या गाईडचे तीन भाग. टेबलाच्या पुढच्या कडेला बसणारा कोनाचा लोखंडी पाट, त्यावर बसणारी चौकोनी नळी, आणि त्या नळीवरून सरकणारे टी-गुण्याच्या आकाराचे गाईड. याची खुबी अशी की, त्याचे आडवे डोके रुंद असून ते पुढच्या नळीला चिकटून बसते. मागच्या टोकाला आवळणेच नाही. एक दांडी दाबली की चाप बसतो आणि पट्टी प्रत्येक वेळी आपोआप समांतर उभी राहते. नजरेवर सोपविलेले काम येथे लोखंडाने पत्करले आहे.

ही वस्तू आता तयार मिळते. आम्ही डोके व पट्टी तयार घेतली; नळी आणि कोन येथेच कापून घेतले, बोल्ट व वॉशर बोहरी आळीतून आणले. नळी घेताना ती सरळ आहे ना, हे काचेवर ठेवून पाहावे. लांबी ठरविताना आठ बाय चारच्या प्लायवुडचा विचार करावा. चार फुटांचे दोन सारखे भाग करावयाचे तर पात्यापासून चोवीस इंचांचे माप लागते. म्हणून पात्याच्या उजवीकडे निदान तीस इंच नळी असावी.

कोनाचा पाट बसविताना तो टेबलावरील खाचेच्या तळाहून खाली राहील अशी खबरदारी घ्यावी, नाहीतर आडव्या कापणीचे गाईड खाचेतून सरकेनासे होते. हे आमच्या ध्यानी आले नाही, आणि पहिल्या दिवशीची दोन भोके फुकट गेली. बिडाच्या टेबलाला भोक पाडताना तेल घालू नये, बीड कोरडेच कापले जाते. आठ मिलिमीटरचा बोल्ट आटे पाडून बसवावयाचा असेल तर भोक ६.८ मिलिमीटरचे असावे. टॅप काटकोनात धरून अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, असा सावकाश फिरवावा. बिडाच्या भोकात टॅप मोडला तर तो काढणे महाकठीण. पाटाची भोके थोडी लांबट ठेवावीत, म्हणजे उंची जुळविता येते. बोल्ट हाताने बसवून, पातळी पाहून मगच आवळावेत.

आता जुळणी. गाईड खाचेच्या कडेला आणून चाप दाबावा आणि दोन्ही टोकांशी कडेपासूनचे अंतर पाहावे. फरक असल्यास डोक्यातील दोन स्क्रू फिरवून तो घालवावा. आमचे मत असे की, गाईड अगदी समांतर असावे; आणि फरक ठेवावयाचाच तर मागचे टोक वहीच्या एका कागदाच्या जाडीइतके, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर, पात्यापासून दूर असावे. पात्याकडे मात्र केसभरही नसावे. त्यानंतर गुण्या लावून पट्टी टेबलाशी काटकोनात उभी आहे की नाही ते पाहावे. मोजपट्टी सर्वांत शेवटी चिकटवावी. प्रथम एक पट्टी चिरावी, तिची रुंदी मोजावी आणि काटा त्या आकड्यावर आणावा. पाते बदलून जाड-पातळ घातले की हा आकडा चुकतो, याचे स्मरण ठेवावे.

येथेच थांबून चालणार नाही. पात्याच्या मागे, पात्याच्याच रेषेत एक पोलादी सुरी उभी असावी लागते. तिची जाडी पात्याच्या अंगाहून किंचित अधिक आणि चिरेच्या रुंदीहून कमी असते. चिरलेले लाकूड पुन्हा मिटून पात्याला आवळू नये, हे तिचे काम. सागवान असो की आंबा, चिरताना लाकडातील ताण सुटून फळी मिटू पाहते. त्यावेळी सरळ गाईडही एकटे पुरे पडत नाही. आपल्या पुष्कळ कारखान्यांत ही सुरी अडचण म्हणून काढून ठेवलेली असते. आमचीही माळ्यावर होती. अरुंद पट्टी चिरताना हाताऐवजी लाकडी ढकलकाठी वापरावी. आणि आखूड तुकडा आडवा कापताना त्याचे टोक गाईडला कधीही टेकवू नये. तो तेथे अडकला की उडालाच म्हणून समजावे.

या सर्व गोष्टी कायद्याला ठाऊक नव्हत्या असे नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमात यंत्रांना संरक्षक कुंपण घालण्याचे कलम होते. १९६३ च्या महाराष्ट्र कारखाना नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांचा स्वतंत्र विचार होता. परंतु तो अधिनियम मुळात विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा अधिक कामगारांच्या जागेसाठी होता. आपल्या कारखान्यांत बाप, दोन मुलगे आणि एखादा शिकाऊ पोरगा. तेथे निरीक्षक येत नाही. तेथे निरीक्षक कोण? तर घरचा कर्ता. म्हणून या बाबतीत दोष सरकारवर ढकलण्याची सोय आपणांस नाही.

दोन आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. पहिला खर्चाचा. मोटारीला, पात्याला, रंधायंत्राला आपण पैसा काढतो, कारण त्यांनी काम वाढते. गाईडने काम वाढलेले दिसत नाही. पण फुकट गेलेल्या फळ्या, पुन्हा रंधावयास लागलेल्या कडा आणि गेलेले दिवस यांची वही कोणी मांडली तर उत्तर वेगळे येईल. आमच्या बंधूंनी ती मांडली, म्हणून सांगतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश असून प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य अशी तरतूद तिच्यात करण्यात आली. ज्यांना ते मिळाले, त्यांनी नव्या यंत्राआधी जुन्या यंत्राच्या गाईडकडे पाहावे.

दुसरा आक्षेप कोणी बोलून दाखवीत नाही, पण तोच अधिक खोल आहे. आपल्यात तुटलेले बोट ही जुन्या कारागिराची खूण मानण्याची चाल पडली आहे. बैठकीत वडीलधारी मंडळी ते बोट कौतुकाने दाखवितात आणि पोरे आदराने पाहतात. त्या मंडळींविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु तुटके बोट हे कसबाचे प्रशस्तिपत्र नव्हे; ते वाकड्या पट्टीचे प्रशस्तिपत्र होय. आपली मुले धंदा सोडून नोकरीकडे का वळतात, याची चिकित्सा आपण दरवर्षी करतो. त्यांनी आपल्या बापाचे, काकाचे हात पाहिले आहेत, हेही त्याचे एक कारण असू शकेल, असा विचार आपण केला आहे काय?

आमची मंडळास एवढीच विनंती आहे. मंडळ विद्यार्थ्यांना वह्या देते, गुणवंतांचा सत्कार करते. त्याच निधीतून एक उत्तम गुण्या, एक सरळ पोलादी पट्टी आणि एक डायल गेज घ्यावे. दोन जाणत्या तरुणांनी ते घेऊन वर्षातून एकदा सभासदांच्या कारखान्यांत फिरावे आणि प्रत्येक यंत्राचे गाईड तपासून द्यावे. आमचा पुतण्या या कामास तयार आहे. पहिले यंत्र आमचेच तपासावे. कारण एकदा सरळ बसविलेले गाईड जन्मभर सरळ राहते, असा भ्रम आम्ही आता बाळगीत नाही.

घरी जाल तेव्हा एक गोष्ट करा. पिन काढा, गाईडचे मागचे टोक धरा आणि हलवून पाहा. ते हलले तर उद्याचे काम त्या पट्टीपासून सुरू करा.

आमचे बंधू आज या सभेत समोर बसले आहेत. त्यांची अनुमती घेऊनच आम्ही हे सारे बोललो. अनुमती देताना त्यांनी एकच सांगितले, “माझे सांगा, पण पट्टी कशी बसवायची तेही नीट सांगा, नुसते ऐकून लोक हळहळतील आणि घरी जातील.” त्यांच्या आज्ञेप्रमाणे जमले तितके सांगितले.

जय विश्वकर्मा.